बोरन्हाणातला हापूस

डिसेंबरातला मंगळवार होता आणि सकाळचे बरोबर सहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. वेळ इतकी पक्की सांगता येते, कारण नमिताचं घड्याळ तसंच चालायचं. सव्वासहाला दूधवाला कडीला पिशवी अडकवून जायचा, अबोली अंगावर पिऊन पुन्हा झोपलेली असायची, आणि नमिता गॅलरीत पाट टाकून, डबीतली मिसरी बोटावर घेऊन दात घासायला बसायची. चोवीस तासांतली तेवढी पंधरा मिनिटं तिच्या मालकीची. बाकीचा दिवस पोरीचा, नवऱ्याचा आणि कुकरचा.

तर त्या सहा सतराला बाथरूममधून मितेशचा खोकला ऐकू आला.

खोकला साधा नव्हता. रिकाम्या पातेल्याच्या बुडाला उलथनं खरवडावं, तसा कोरडा. आणि खोकल्यापाठोपाठ दाराच्या फटीतून वास आला. आंब्याचा. पिकलेल्या, आढीतून काढलेल्या हापूसचा. डिसेंबरात!

"उं?" नमिता म्हणाली. (तोंडात मिसरी असताना माणूस एवढंच म्हणू शकतो.)

"काय नाय, ठसका लागला," आतून उत्तर आलं.

दुसरी एखादी असती तर चूळ भरून चहा टाकायला गेली असती. नवरे खोकतात. त्यात नवल ते काय? पण नमिता ही तीन शिंका आल्या म्हणून अबोलीला डॉक्टरकडे नेणारी, आणि दुसऱ्या दिवशी एकही शिंक आली नाही म्हणून पुन्हा नेणारी बाई. तिने तिथेच पाटावर बसून ठरवलं, या खोकल्याचा छडा लावायचाच. एवढासा तो निर्णय. पण त्यापायी पुढच्या सहा आठवड्यांत खालच्या मजल्याशी भांडण झालं, सासू रुसली, पुदिन्याची कुंडी मुळासकट गेली आणि एका धडधाकट माणसावर बावीस दिवस दुधी खायची पाळी आली. शेवटी जे झालं ते तर सगळ्या सोसायटीच्या बायकांनी बघितलं.

मितेश मूळ नावड्याचा. तळोज्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा आणि राहायला कामोठ्यात, तिसऱ्या मजल्यावर. खाडीकाठच्या घरात वाढलेला गडी. जवळा, बोंबील, निवट्या यांच्यावर पोसलेला. आजारपण म्हणजे काय ते त्याला लग्नात हळद लागली तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल. तोच मितेश आठवड्याभरात सुकत चालला. तोंडाला सारखी कोरड. तांब्यावर तांब्या पाणी. ओठांभोवती बारीक लाल पुरळ. जिभेला फोड. डोकं दुखतंय, गरगरतंय, छातीत धडधडतंय. आणि सकाळ-संध्याकाळ बाथरूममध्ये वीस-वीस मिनिटं.

"अहो, पोट साफ होत नाही का?"

"होतंय ना."

"मग आत काय करता एवढा वेळ?"

"विचार."

(सात वर्षांच्या संसारात मितेशने विचार केल्याची ही पहिलीच नोंद होती, तरी नमिताला संशय आला नाही.)

तिला भलतीच धास्ती होती. सात वर्षांनी झालेली पोर. नवसाची. आणि त्याच सुमारास अबोलीही अधूनमधून खुटखुट खोकायला लागली होती. बाप घरी असला की जास्त. बापाच्या अंगात जे काय शिरलंय ते उद्या पोरीच्या अंगात शिरलं तर? एवढ्याशा छातीला ते झेपणार आहे का? तिने मीठ-मिरच्यांनी दोघांची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका सगळ्यांना लागला, फक्त मितेशला वेगळा लागला नाही, कारण तो आधीच खोकत होता.

मग वरात निघाली सेक्टरमधल्या डॉक्टर क्षिप्रांकडे. त्यांनी मितेशचा घसा बघितला, ओठ बघितले, छाती ऐकली.

"सिगारेट? तंबाखू? गुटखा?"

"सिगारेट सोडली मॅडम. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. तेव्हापासून एक नाही."

नमिताला तर प्रश्नाचाच राग आला. "आमच्या घरात तंबाखूचं नाव काढायची सोय नाही, मॅडम! मला नुसता वाससुद्धा खपत नाही!"

डॉक्टरीणबाई तिच्या तोंडाकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिल्या. दाताला पोह्यातली कोथिंबीर चिकटली असेल असं वाटून नमिताने ओठ मिटले.

"कसली तरी अ‍ॅलर्जी दिसते," डॉक्टर म्हणाल्या. "एक वही घाला. काय खाल्लं, काय वापरलं, त्यानंतर काय झालं. ज्याचा संशय येईल ते आठवडाभर बंद करून बघा. आणि मितेश, मध्येच काही आठवलं तर एकटे या. मी रागावत नाही."

'एकटे' हा शब्द मितेशच्या कानात गेला आणि तिथेच बसला. नमिताच्या कानात फक्त 'वही' गेला.

सातवीनंतर तिला कुणी गृहपाठ दिला नव्हता. तिने दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर हळदकुंकू वाहिलं, पट्टीने रेघा मारल्या. आणि घराची झडती सुरू झाली.

पहिला गुन्हेगार ठरला जवळा. मग सुके बोंबील. मग अंडी, वांगी, शेंगदाणे. उशीचे अभ्रे उकळले. साबण बदलला. एका आठवड्यात मितेशच्या जिभेची आग आग झाली आणि श्वासाला पुदिन्याचा वास यायला लागला, तेव्हा तिने गॅलरीतली पुदिन्याची कुंडी कचऱ्यात दिली. (घरात त्या आठवड्यात चटणी झालीच नव्हती, हे वहीत नीट लिहिलेलं होतं. पण वही लिहिणं वेगळं आणि वाचणं वेगळं.) पुढच्या आठवड्यात पुदिना गेला आणि हापूस परत आला.

एकेक करता करता शेवटी ताटात उरला दुधी. दुधीची भाजी, दुधीचं वरण, दुधीचं थालीपीठ, त्यातही तिखट नाही. मितेश खाली मान घालून खायचा. एकदा तर जेवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नमिताने लगेच वही उघडली आणि लिहिलं, 'दुधीने डोळ्यांतून पाणी.'

सासूबाईंना हे कळलं तेव्हा नावड्याहून रिक्षा करून आल्या. गोजराबाई म्हणजे दारातूनच बोलायला सुरुवात करणाऱ्या.

"काय गो, माज्या पोराचा जवला बंद केलास तू?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय. अंगावर पुरळ उठतंय त्यांच्या."

"जवल्यानं? याचा बापूस जवला खाऊन गेला, आजा जवला खाऊन गेला..."

"गेलेच ना शेवटी!"

हे तोंडातून निसटलं आणि सासूबाई तशाच उलट्या पावली रिक्षात बसल्या. पंधरा दिवस फोन नाही. नमिताने वहीत त्याचीही नोंद केली. 'सासूबाई बंद. फरक नाही.'

राहिला तो वास. नमिताचं डोकं त्या वासाने उठायचं, कारण वास येत होता आणि आंबा दिसत नव्हता. बाथरूमच्या खिडकीबाहेर डक्ट, आणि त्या डक्टवर खालच्या सगुणाकाकूंचं बाथरूम. काकू साताऱ्याच्या. मोठ्या जावयाचं काही तरी एक्सपोर्टचं होतं म्हणे. दोन आणि दोन नमिताने मिळवले. काकूंकडे डबाबंद आमरस येतोय, आणि वर लेकुरवाळीला वाटीभर द्यायची दानत नाही! तिने आठ दिवस वाट बघितली. मग जिन्यात गाठलंच.

"काकू, आंबा गोड निघाला वाटतं."

सगुणाकाकूंनी पिशवी खाली ठेवली. "हे बरं हाय! चोराच्या उलट्या बोंबा! महिना झाला, तुझ्या बाथरूममधनं आंब्याचा घमघमाट येतोय. मी आपली गप बसले. म्हटलं, बाळंतीण बाई, डोहाळे उरले असतील, एकटीच बाथरूममध्ये बसून खात असंल."

"मी? बाथरूममध्ये बसून आमरस?"

"मग कोण? तुझा नवरा?"

दोघी अशा काही हसल्या त्या कल्पनेला, की भांडण तिथेच अर्ध्यावर विझलं. तरी मनात राहिलंच. काकूंना वाटलं नमिता लपवते, नमिताला वाटलं काकू लपवतात. आणि मधल्या डक्टमधून हापूस रोज वर-खाली करत राहिला.

संक्रांत आली. अबोलीचं हे पहिलं वर्ष, म्हणजे बोरन्हाण करायलाच हवं. नमिताच्या माहेरी ही पद्धत फारशी नव्हती, पण सोसायटीत सगळ्यांच्या पोरांची झाली होती, आणि पोरीचं काही राहून जायला नको. तिने काळं झबलं शिवून घेतलं. हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद, सगळं आणलं. सासूबाईंना फोन करून "आई, या ना, तुमच्या नातीचं आहे," असं स्वतःहून म्हणाली. सासूबाई आल्या. नातीसाठी चांदीचे वाळे आणि पदराखाली, कोणाला वास येऊ नये म्हणून तीन पिशव्यांत गुंडाळलेली, लेकासाठी सुकटीची, म्हणजे सुक्या जवळ्याची, चटणी.

रविवारी संध्याकाळी पाचला हॉल भरला. मधोमध पाट, पाटावर काळ्या झबल्यातली अबोली, भोवती सोसायटीची पोरं टपून बसलेली. मितेश झब्बा घालून उभा. गालफडं बसलेली. एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "हिचा नवरा आजारी आहे का गं?" नमिताने ऐकलं आणि दुधीची आठवण होऊन तिला स्वतःचीच दया आली.

बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या, रंगीत गोळ्या, छोट्या छोट्या शिट्ट्या आणि पिपाण्या असं सगळं मोठ्या पातेल्यात कालवलेलं. बायकांनी ओंजळी भरल्या.

"घाल गं, घाल डोक्यावरनं!"

सरसर सरसर खाऊ पोरीच्या डोक्यावरून ओघळला. पोरांनी एकच झोंबाझोंबी केली. मितेशही कौतुकाने वाकला आणि त्याने ओंजळभर चुरमुरे लेकीवर टाकले. तो वाकला तेव्हा त्याच्या झब्ब्याच्या खिशातून काही तरी सटकलं आणि त्या बोरा-रेवड्यांत जाऊन पडलं. बोटाएवढं, आकाशी रंगाचं, चकचकीत, एका टोकाला चपटं. कोणाचं लक्ष नव्हतं. होतं फक्त अबोलीचं. तिने बोरं बाजूला सारली, पिपाण्या बाजूला सारल्या आणि नेमकं तेच उचललं.

"अगो बाय, पिपानी घेतली!" गोजराबाईंनी टाळ्या पिटल्या.

"वाजव, वाजव बाळा! इकडं बघ!" सगुणाकाकूंनी मोबाइल धरला.

नमितासुद्धा हसत होती. हे तिला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं, की ती स्वतः हसत होती आणि म्हणत होती, "फू कर, सोनू, फू!"

अबोलीने ते उलटसुलट बघितलं, हुंगलं आणि चपट्या टोकाकडून तोंडाकडे नेलं.

"नको!"

तो आवाज मितेशचा आहे हे ओळखायलाच सगळ्यांना वेळ लागला. महिनाभर ज्याच्या घशातून धड शब्द फुटत नव्हता तो माणूस ओरडला असा, की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. त्याने तीन पोरं ओलांडली, उसाच्या करव्यावर पाय पडून घसरला, गुडघ्यावर आपटला आणि तसाच सरपटत जाऊन लेकीच्या हातातून ती वस्तू हिसकावून घेतली.

"तोंडात नको! तोंडात नको! विष आहे त्यात!"

अबोलीने भोकाड पसरलं.

"कसलं विष? पिपाणी आहे ती," नमिता म्हणाली.

"पिपाणी नाही." मितेश धापा टाकत होता. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं, दुधीचं नव्हे. "ते माझं आहे."

"तुजी? पिपानी?" गोजराबाईंना काही उमजेना.

सगुणाकाकू पुढे झाल्या. त्यांनी मितेशच्या मुठीपाशी नाक नेलं, एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं आणि कमरेवर हात ठेवून सगळ्या हॉलला जाहीर केलं, "हापूस!"

त्यानंतर जे झालं ते सगुणाकाकूंच्या मोबाइलमध्ये पूर्ण आहे, कारण त्या गडबडीत तो बंद करायचं त्यांना सुचलंच नाही. नमिताने आधी अबोलीच्या तोंडात बोट घालून, पदराने जीभ पुसून, दिव्याखाली नेऊन तपासलं. तोंडाला काही लागलं नव्हतं. मग तिने पोर सासूबाईंकडे दिली आणि नवऱ्याकडे वळली. राग चढला की तिचा आदर वाढायचा.

"बोला. बोला आपण. काय आहे हे?"

"व्हेप." मितेश पाटाशेजारी बसून गुडघा चोळत होता. "कंपनीतल्या अभयने दिली. सिगारेट सोडल्यावर माझे हात थरथरायचे ना. तो म्हणाला, यात धूर नाही, नुसती वाफ. फळाची वाफ. मोदकपात्राला तोंड लावल्यासारखं."

"आणि ते पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलेलं?"

"ते सिगारेटचं होतं. सिगारेट नाहीच ओढली मी."

"आणि हा खोकला? हे पुरळ?"

"मला वाटलं सवय होईल. मग वाटलं वासाचा त्रास होतोय, म्हणून मध्ये आंबा सोडून पुदिना आणला. तर तोंडच सोललं."

"पुदिना!" नमिताचा आवाज चिरकला. "माझी कुंडी! मी कुंडी फेकली! बावीस दिवस दुधी किसला मी, बोटं बघा माझी! अंडी बंद केली, वांगी बंद केली, तुमच्या आईला घरातून घालवलं, काकूंना आमरसचोर ठरवलं! आणि तुम्ही गप बसून गिळत होता?"

"गिळत होतो ना पण," मितेश केविलवाणा म्हणाला. "तुला काय वाटतं, मला दुधी आवडतो? तू वहीला हळदकुंकू वाहिलंस. मला वाटलं, आता बोललो तर देवाची वही मोडल्यासारखं होईल."

"आणि आता कसे बोललात?"

मितेशने अबोलीकडे बघितलं. ती आजीच्या खांद्यावर हुंदके देत होती, मुकुट तिरका झाला होता. "याच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय. मुलांपासून लांब ठेवा म्हणून. मी वाचलं होतं आणि तरी खिशात ठेवलं," तो म्हणाला.

नमिताच्या जिभेवर आणखी दहा वाक्यं तयार होती. ती तिने तात्पुरती आत ठेवली. गोजराबाईंनी मात्र पदराखालची सुकट काढून लेकाच्या हातात दिली आणि सुनेकडे बघून, मान उडवून म्हणाल्या, "जवल्याला नाव ठेवत व्हती!"

सोमवारी संध्याकाळी तिघं डॉक्टर क्षिप्रांच्या दारात. रांग मोठी होती आणि नमिताचा राग ताजा होता. बाहेर बाकड्यावर बसून तिने सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मेसेज लिहायला घेतला.

'सर्व आयांनी वाचा. आकाशी रंगाची पेनसारखी वस्तू दिसली तर ती पेन नाही, पिपाणी नाही. तोंडाला आंब्याचा वास आणि महिना जानेवारी असेल तर समजून जा. वाफ आहे म्हणतील, फसू नका. नवऱ्याच्या ओठावर पुरळ, तोंड कोरडं, कोरडा खोकला असेल तर भाजीवर संशय घेण्याआधी त्याचे खिसे बघा. माझे बावीस दुधी गेले. लेकराच्या हाताला लागली होती. तंबाखूचं विष कुठल्याही रूपात घरात येऊ देऊ नका! एका आईची विनंती. पुढे पाठवा.'

पाठवला. लगेच हात जोडलेली चित्रं यायला लागली. नमिताची मान जरा ताठ झाली. तेवढ्यात नंबर आला.

डॉक्टरांनी आधी अबोलीला तपासलं. छाती साफ होती. "त्या वाफेतली खुटखुट आहे. बंद झाली की जाईल." मग त्यांनी ती आकाशी वस्तू कागदात धरून बघितली.

"ही पाण्याची वाफ नव्हे, मितेश. यात ग्लायकॉल नावाचं एक द्रव असतं. ते ओलावा ओढून घेतं, म्हणून तोंडाला कोरड आणि घशाला खवखव. काही लोकांना ते मुळीच सोसत नाही, पुरळ उठतं. तुम्ही त्यातले दिसता. आंब्याच्या वासात आंबा नसतो, रसायन असतं. चक्कर आणि धडधड निकोटिनची. हे द्रव एवढ्याशा पोटात गेलं असतं तर आज आपण इथे नाही, मोठ्या हॉस्पिटलात असतो. आणि आपल्याकडे हे विकायलाच बंदी आहे, म्हणजे आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाच ठाऊक."

मितेशने खाली मान घातली. मग अगदी हळू विचारलं, "मॅडम, ग्लायकॉल नसलेलं मिळतं का?"

"मिळतं. त्याला हवा म्हणतात."

नमिता खो खो हसली. तिला डॉक्टरीणबाई फार आवडल्या. "आणखी सांगा मॅडम! चांगलं सांगा! पोर अंगावर पिणारी, आणि घरात असलं निकोटिन!"

"तेच सांगणार आहे," डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "बाळ अंगावर पितं. मग तुम्ही सकाळी दात कशाने घासता?"

"मिसरीने."

"आणि मिसरी कशाची करतात?"

नमिताने उत्तर द्यायला तोंड उघडलं. माहेरच्या चुलीवर, लोखंडी तव्यात, आई काय भाजायची ते तिच्या डोळ्यांसमोर आलं. तपकिरी पान. चुरचुरत काळं पडणारं. तिने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"पण मॅडम, ती तर दात घासायची असते!"

"तंबाखूच ती. हिरडीतून तुमच्या अंगात जाते, दुधातून हिच्या. आजपासून बंद."

महिन्याभरात पहिल्यांदा मितेश हसला. ओठ फुटलेले होते, दुखलं, तरी हसला. त्याने नमिताच्या मांडीवरची दोनशे पानी वही अलगद काढून घेतली, डॉक्टरांचं पेन मागितलं, पट्टीने मारलेल्या रेघेवर नीट अक्षरात लिहिलं, 'मिसरी बंद', आणि वही परत दिली.

नमिताने बाहेर येऊन आधी फोन उघडला. मेसेज पुसायला गेली. तोवर तो महिला मंडळातून निघून, कामोठ्यातले चार सेक्टर फिरून पुढे गेला होता. तंबाखूचं विष कुठल्याही रूपात घरात येऊ देऊ नका! उद्गारचिन्हासकट.

मंगळवार उजाडला. सव्वासहाला दूधवाला पिशवी अडकवून गेला. बाथरूममधून मितेश दोन मिनिटांत बाहेर आला. (विचार करणं त्याने सोडलं होतं.) अबोली न खोकता झोपली होती. नमिता गॅलरीत पाट टाकून बसली. डबीची जागा रिकामी होती. ती रात्री मितेशने हलवली होती. तिने रिकामं बोट दातांवरून फिरवून बघितलं. डोकं जड, हाताला कंप, जगावर राग. खाली सगुणाकाकू उठल्या असतील. त्याही लावतात. चिमूटभर मागितली तर नाही म्हणायच्या नाहीत. आजचा एक दिवस. ती चप्पल घालायला उठलीच होती.

तेवढ्यात फोन वाजला. करंजाड्याहून मितेशच्या मावशीचा मेसेज होता. 'सूनबाई, हे वाच, फार उपयोगी आहे.' खाली तिचाच मेसेज, आकाशी पेनपासून बावीस दुधींपर्यंत जसाच्या तसा. फक्त 'पुढे पाठवा'च्या वर कोणीतरी चार ओळी वाढवल्या होत्या. मितेशचं शुद्धलेखन ती ओळखायची.

'ता.क. हे लिहिणारी बाई स्वतः रोज सकाळी सहा सतराला मिसरी लावते. डॉक्टरांनी कालपासून बंद केली आहे. कामोठे, करंजाडे, नावडे, कुठेही तिने चिमूटभर मागितली तरी कोणी देऊ नये. दुधी द्यावा. सगुणाकाकूंना कळवलं आहे, बाकीच्यांना तुम्ही कळवा. पुढे पाठवा.'